चित्रातलं कडकट्ट

नारायण पेठेतल्या एखाद्या जुन्या वाड्याच्या सज्जाचा फोटो आहे असं समजा. लाकडी कठडा आहे, पण त्याचे गज एका मापाचे नाहीत. एक आखूड, दोन लांब, दोन आखूड. पुन्हा एक आखूड, दोन लांब, दोन आखूड. खाली एवढंच लिहिलंय : ‘यात काय दडलंय, ओळखा.’ असा फोटो मोबाइलवर फिरू लागला की थोड्याच वेळात कुणीतरी छातीठोकपणे सांगणार, हे मोर्स आहे. आखूड गज म्हणजे डॉट, लांब गज म्हणजे डॅश. आणि या माणसाला खोटं ठरवणं सोपं नाही, कारण त्या दहा गजांतून खरोखरच ‘पुणे’ निघतं.

करून बघा. रोमन अक्षरांत पुणे म्हणजे पी, यू, एन, ई. मोर्समध्ये पी म्हणजे • – – •, यू म्हणजे • • –, एन म्हणजे – • आणि ई म्हणजे नुसता एक •. चारही अक्षरं मधली जागा काढून एका ओळीत लिहिली की होतं :

• – – • • • – – • •

मधोमध तोडून बघा. • – – • • आणि पुन्हा • – – • •. एकच नमुना दोनदा! म्हणजे ज्या सुताराने, विणकराने किंवा ग्रिल बनवणाऱ्याने ही पाच खुणांची नक्षी सहज म्हणून ओळीने दोनदा काढली, त्याने नकळत शहराचं नाव लिहून ठेवलं. पुणेकरांना जगात सगळीकडे पुणंच दिसतं असा आरोप आहेच. मोर्सने त्याला पुरावा दिला म्हणायचा.

आता दुसरा कुणी तोच कठडा वाचायला बसला. त्याने पहिले दोन गज एक अक्षर धरले : • – म्हणजे ए. पुढचे तीन दुसरं अक्षर : – • • म्हणजे डी. पुढे पुन्हा तेच. त्याचं उत्तर आलं ‘एडीएडी’. तिसऱ्याने चार आणि एक असे तुकडे केले, त्याला मिळालं ‘पीईपीई’. चौथ्याने तीन आणि दोन केले, त्याच्या हाती ‘डब्ल्यूआयडब्ल्यूआय’. चौघांनीही मोर्सचा तक्ता चोख वापरला, चौघांचंही एकही अक्षर चुकलेलं नाही.

अशी किती उत्तरं निघतील? मोर्समध्ये इंग्रजी अक्षर एक ते चार खुणांचं असतं. दहा खुणांची ओळ अशा तुकड्यांत तोडायचे ४०१ प्रकार होतात. त्यांतल्या १६ प्रकारांत • • – – हा तुकडा येतो, आणि इंग्रजी मोर्समध्ये या तुकड्याचं अक्षरच नाही; ते वजा करायचे. उरले ३८५. एका कठड्याचे ३८५ अर्थ, आणि ‘पुणे’ हा त्यांतला एक. तो आपल्या ओळखीचा म्हणून आपण तिथे थांबलो, इतकंच.

पुण्याच्या पहिल्याच अक्षरावर, नुसत्या • – – • या चार खुणांवर ही गंमत आणखी जवळून दिसते. चार खुणा तोडायचे आठच प्रकार, आणि आठही चालतात. पी. डब्ल्यू-ई. ई-जी. ए-एन. ए-टी-ई. ई-टी-एन. ई-एम-ई. ई-टी-टी-ई. यांतली डब्ल्यू-ई, ए-एन आणि ए-टी-ई ही तर शाळकरी पोरालाही येणारी इंग्रजी शब्दांची स्पेलिंगं आहेत. चार काड्यांत तीन शब्द सापडत असतील, तर चित्रात ‘काहीतरी’ सापडलं याचं कौतुक जरा बेतानेच करायला हवं.

घोळ आहे तो रिकाम्या जागेचा. मोर्समध्ये डॉट आणि डॅश अशा दोनच खुणा, असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात मौनसुद्धा तिथे मोजून-मापून आहे. डॉटचा वेळ एक मात्रा धरली, तर डॅश तीन मात्रांचा. एकाच अक्षरातल्या दोन खुणांमध्ये एक मात्रा थांबायचं, दोन अक्षरांमध्ये तीन, दोन शब्दांमध्ये सात. तारवाल्याचा वेग मोजण्यासाठी ‘पॅरिस’ हा शब्द प्रमाण धरतात, कारण त्याच्या रोमन स्पेलिंगला शब्दानंतरची जागा धरून बरोबर ५० मात्रा लागतात. त्याच हिशेबाने ‘पुणे’ ४० मात्रांत संपतं. पॅरिस चार वेळा ठोकायला जेवढा वेळ लागेल, तेवढ्यात पुणं पाच वेळा होईल. यात शहरांची तुलना नाही, मात्रांची आहे.

तेव्हा कठड्याचा फोटो कुणी संदेश म्हणून पुढे केला, तर गजांच्या लांबीआधी गजांमधल्या फटी मोजायच्या. फटी सगळ्या सारख्या असतील तर तो कठडा आहे. चौथ्या, सातव्या आणि नवव्या गजानंतर फट ठळकपणे, तिप्पट मोठी असेल, तर मात्र त्या सुताराची चौकशी करायला हरकत नाही.

पुण्यात या फटींच्या प्रश्नाशी झुंजणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, फक्त त्यांचा मोर्सशी संबंध नाही. सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, १९१० साली स्थापन झालेलं. तिथल्या मोडी कागदांसमोर बसलेला माणूस नेमकं हेच करत असतो. मोडी लिहिताना आधी आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग तिला अक्षरं टांगत जायचं. हात न उचलता, बोरू सरसर चालवत. शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा आग्रह नाही. वाचणाऱ्याने शब्द स्वतः तोडायचे. नवशिक्या अक्षरं ओळखतो आणि तरीही ओळीत अडकतो. जाणकार सुटतो, कारण पत्राचा मायना कसा असतो, गावांची आणि हुद्द्यांची नावं कोणती, कालगणना कुठे येते, हे त्याला आधीच ठाऊक असतं. एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर काय होतं, हे सांगायला शनिवारवाड्याची ‘ध चा मा’ची आख्यायिका आहेच. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ चा, तो मात्र आख्यायिका नव्हे.

मोर्स चित्रात शोधायचं म्हटलं की काही जण नाक मुरडतात. मोर्स ही ऐकायची गोष्ट, बघायची नव्हे, असं त्यांचं म्हणणं. इतिहास उलटा आहे. सॅम्युएल मोर्सच्या यंत्रातून सुरुवातीला संदेश यायचा तो कागदाच्या पट्टीवर उमटलेल्या खुणांचा. २४ मे १८४४ रोजी वॉशिंग्टन ते बाल्टिमोर पहिली तार गेली तेव्हा ती वाचली गेली, ऐकली गेली नाही. पुढे तारवाल्यांच्या लक्षात आलं की यंत्राच्या खटखटीवरूनच अक्षरं कळतात, पट्टीकडे मान वळवायची गरज नाही. मग कागद मागे पडला आणि कान पुढे आला. आपल्याकडे तारेला कडकट्ट हा आवाज चिकटला तो या कानाच्या काळात.

कागदी पट्टी पूर्ण गेली नाही. जुलै १९२७ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्यातली बीम वायरलेस तारसेवा सुरू झाली, तेव्हा तिची इकडची दोन्ही केंद्रं पुण्याच्या अंगणात होती : एक खडकीला, दुसरं दौंडला. अशा वेगवान तारसेवेत कानाची धाव अपुरी पडायची. संदेश आधी पट्टीवर भोकं पाडून तयार करायचा आणि यंत्राने भरधाव सोडायचा. दुसऱ्या टोकाला शाईची लेखणी कागदावर वरखाली होत चढउतारांची रेघ काढायची, आणि ती रेघ माणूस डोळ्यांनी वाचायचा. थोडक्यात, चित्रातून मोर्स वाचणं हा एकेकाळी पगारी उद्योग होता.

आपल्या घरांत मात्र तार म्हटली की धसकाच. ‘मदर सीरियस, स्टार्ट इमिजिएटली’ हे मराठी घरांतलं सर्वांत पाठ असलेलं इंग्रजी वाक्य असावं. शब्दागणिक पैसे पडत, म्हणून त्यात एक शब्द फालतू नसे. १४ जुलै २०१३ च्या रात्री बीएसएनएलने तारसेवा बंद केली, तेव्हा रांगा लागल्या त्या आठवण म्हणून तार पाठवणाऱ्यांच्या. एरवी वर्षानुवर्षं तिकडे न फिरकलेली मंडळी. मोर्सची कळ तर त्याच्या कितीतरी आधीच गेलेली होती. आज ती जिवंत आहे ती हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांकडे. ते डॉट-डॅश म्हणत नाहीत, ‘डिट’ आणि ‘डा’ म्हणतात.

आता खरोखर दडवलेल्या संदेशांकडे वळू, कारण ते आहेत, आणि बघण्यासारखे आहेत.

अमेरिकेत टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ शहराचं एक शाईचं चित्र आहे. नदी, पूल, काठावर गवत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात टपाल तपासणाऱ्या खात्यातल्या मंडळींनी ते आपल्या वरिष्ठासाठी काढलेलं. संदेश आहे काठावरच्या गवतात : आखूड पातं डॉट, लांब पातं डॅश. वाचला की कर्नल हॅरल्ड शॉ यांच्या ११ मे १९४५ च्या सॅन अँटोनिओ भेटीनिमित्त शुभेच्छा निघतात. लोकांच्या पत्रांतले छुपे संदेश पकडणं हेच ज्यांचं काम, त्यांनी साहेबाला दिलेली ही गमतीची भेट. यातली खुबी अशी की गवत हे मुळातच आखूड-लांब असतं, त्यामुळे डोळ्याला काही खटकत नाही. पण एकदा संशय आला की मोजणी साफ होते. पाती दोनच मापांची निघतात. खऱ्या नदीकाठचं गवत इतकं शिस्तीचं कधी पाहिलंय?

दुसरं उदाहरण सुई-दोऱ्याचं. ब्रिटिश फौजेतले मेजर अॅलेक्सिस कॅसडॅगली १९४१ मध्ये जर्मनांच्या युद्धकैदेत होते. वेळ घालवायला त्यांनी भरतकाम केलं, त्यावर आपण कुठे आणि कधी कैद आहोत ते इंग्रजीत भरलं आणि भोवती ठिपक्या-रेघांची किनार काढली. जर्मन अधिकाऱ्यांना ते इतकं आवडलं की त्यांनी ते कैद्यांच्या छावण्यांमध्ये प्रदर्शनाला मांडलं. किनारीत मोर्समध्ये एकीकडे राजाला देवाने सुखी ठेवावं अशी प्रार्थना होती आणि दुसरीकडे हिटलरला सणसणीत शिवी. किनारीकडे नक्षी म्हणून बघायची आपल्या डोळ्यांना किती सवय असते! पैठणीच्या काठात कुणी काय लिहून ठेवलं तर लग्नात कुणाच्या लक्षात येणार आहे?

तिसरं पृथ्वीवरचं नाही. ऑगस्ट २०१२ मध्ये मंगळावर उतरलेल्या ‘क्युरिऑसिटी’ गाडीच्या चाकांना ठरावीक आकाराची भोकं आहेत. चाक फिरलं की मातीत ठसे उठतात : • – – –, • – – •, • – • •. जे, पी, एल. जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी, म्हणजे ती गाडी बनवणाऱ्या संस्थेची आद्याक्षरं. खोडसाळपणा आहेच, पण कामाचाही आहे. सपाट वाळूत गाडी किती पुढे सरकली आणि चाक जागच्या जागी किती घसरलं, हे फोटोंवरून काढायला एकसारखी खूण लागते. मंगळाच्या फोटोत मोर्स सापडलं असं कुणी सांगितलं तर हसू नका. ते या एका बाबतीत खरं आहे.

कागदावरच्या आणि कापडावरच्या चित्रात खुणा डोळ्यांना दिसतात तरी. संगणकावरच्या चित्रात त्या दिसायचीही गरज उरत नाही. अशा चित्राचा प्रत्येक ठिपका, म्हणजे पिक्सेल, सहसा तीन आकड्यांनी सांगितलेला असतो : लाल किती, हिरवा किती, निळा किती. प्रत्येक आकडा ० ते २५५. लाल २०० होता, तो २०१ केला, तर तुमच्या-माझ्याच काय, चित्रकाराच्या डोळ्यालाही फरक कळणार नाही. मग त्या शेवटच्या सम-विषमावरच संदेश लिहायचा : सम म्हणजे शून्य, विषम म्हणजे एक. हजार बाय हजार पिक्सेलच्या चित्रात असे ३० लाख आकडे असतात. आठ-आठचे गट केले की पावणेचार लाख अक्षरांची जागा झाली. इंग्रजी मजकूर असेल तर एक अख्खी कादंबरी त्यात मावते, आणि वर फोटो तसाच : कठडा, सज्जा, वर निळं आभाळ.

अभियांत्रिकी कॉलेजांतल्या ‘कॅप्चर द फ्लॅग’ स्पर्धांमध्ये या प्रकाराला नुसतं ‘स्टेगो’ म्हणतात. तिथली मुलं चित्र हातात आल्यावर डोळे बारीक करून बघत बसत नाहीत. आधी फाइलच्या पोटात शिरतात. कॅमेऱ्याने किंवा सॉफ्टवेअरने सोबत लिहून ठेवलेली माहिती वाचतात. जेपीईजी चित्र जिथे संपलं असं फाइल सांगते, त्याच्या पुढे काही चिकटवलंय का बघतात, कारण फोटो दाखवणारे प्रोग्राम त्या शेपटीकडे दुर्लक्ष करतात. जानेवारी २०१२ मध्ये ‘सिकाडा ३३०१’ या नावाने इंटरनेटवर आलेलं कोडं असंच उघडलं. काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांचं साधं चित्र. ते मजकुराच्या संपादकात उघडल्यावर तळाशी रोमन सम्राटाचं नाव आणि सीझरच्या पद्धतीने अक्षरं सरकवून लिहिलेला पत्ता. चित्राकडे रात्रभर बघत बसणाऱ्याला ते दिसलं नसतं. फाइलचं पोट तपासून झालं की लाल, हिरवा, निळा असे थर वेगवेगळे काढायचे, प्रत्येकाची शेवटची बिट, म्हणजे ते सम-विषम, काळ्या-पांढऱ्यात दाखवायची. काही दडलेलं असेल तर एखाद्या थरात वाळूसारख्या कालव्यातून अचानक सरळ कड उमटते.

या सगळ्याला एक अट आहे : मूळ फाइल हवी. व्हॉट्सअॅपवरून फोटो म्हणून आलेलं चित्र पुन्हा दाबून बारीक केलेलं असतं, आणि त्या दाबण्यात पहिला बळी जातो तो याच शेवटच्या बिटांचा. ‘ढकललेल्या’ फोटोत बिटांचा संदेश शोधणं म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय. ढकललेल्या फोटोत टिकू शकतं ते डोळ्यांना दिसणारं मोर्स. आणि तिथेच माणसं सर्वांत जास्त फसतात.

फसण्याचा हिशेब मांडता येतो. चित्रात आखूड-लांब अशा हजार खुणा आहेत : विटा, खिडक्यांचे गज, पायऱ्या, झाडाच्या फांद्या. त्या अगदी स्वैर पडलेल्या आहेत असं धरा. दहा खुणांचा एखादा ठरावीक क्रम कुठल्याही एका जागी योगायोगाने येण्याची शक्यता १०२४ मध्ये एक. हजार खुणांत सुरुवात करायला जागा हजाराच्या आसपास, म्हणजे ‘पुणे’चा क्रम सरासरी एकदा नुसत्या नशिबाने सापडणार. आता शोधणारा म्हणतो, उजवीकडून डावीकडे वाचू. मग म्हणतो, लांबला डॉट आणि आखूडला डॅश धरू. अशा चार वाचनांत चारदा सापडेल. मग तो वरून खाली वाचू लागतो. नाहीच जमलं, तर ‘ही वीट लांब की आखूड?’ या प्रश्नाचं उत्तर पुढचं अक्षर बघून देतो. इथपर्यंत आलेल्या माणसाला कोणत्याही भिंतीत काहीही सापडतं, आणि तो खोटं बोलत नसतो.

पुस्तकांचंही तसंच. मायकल ड्रॉस्निन या पत्रकाराने १९९७ मध्ये बायबलच्या मूळ हिब्रू पाठात ठरावीक अंतरांनी अक्षरं उचलली की भविष्यातल्या घटना निघतात, असं सांगणारं पुस्तक लिहिलं. ते प्रचंड खपलं. ऑस्ट्रेलियातले गणिती ब्रेंडन मॅके यांनी तीच पद्धत ‘मोबी डिक’ या देवमाशाच्या कादंबरीला लावली आणि तिच्यात नेत्यांच्या हत्यांची भाकितं काढून दाखवली. त्यांत इंदिरा गांधींचीही होती. कादंबरी १८५१ ची. दुसऱ्या पुस्तकातून तेच काढून दाखवलं. माझ्या मते हा त्या विषयावरचा शेवटचा शब्द असायला हवा होता. तसं झालं नाही, पण ते वेगळं.

खोटं मोर्स ओळखायला आणखी एक साधी युक्ती आहे. जुळवून आणलेल्या उत्तरात ई, टी, आय, ए, एन, एम यांची खोगीरभरती असते, कारण ही एक किंवा दोन खुणांची अक्षरं. कुठेही घुसडता येतात. खऱ्या मजकुरात एल, पी, एफ, सी ही चार खुणांची अक्षरंही आपापल्या प्रमाणात आलीच पाहिजेत. मराठी मजकूर रोमनमध्ये लिहिलेला असेल तर हिशेब थोडा बदलतो. आपल्या प्रत्येक अकाराला आणि आकाराला ‘ए’ लागतो, त्यामुळे • – ची रेलचेल होते आणि ई मागे पडतो. इंग्रजीच्या मापाने मराठी संदेश तपासला तर खराही खोटा वाटेल.

खरी किल्ली कशी ओळखायची, याचा महाराष्ट्रातला सर्वांत सुंदर धडा मोर्सपेक्षा पाचेकशे वर्षं जुना आहे. महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ परक्यांच्या हाती पडू नयेत म्हणून सांकेतिक लिप्या वापरल्या. सकळ लिपी, सुंदरी लिपी अशी त्यांची नावं. पोथ्या दिसत होत्या, अक्षरं देवनागरीसारखी वाटत होती, पण वाचली की निरर्थक. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाडे यांच्यासारख्या संशोधकांनी सकळ लिपीची उकल केली, आणि ‘लीळाचरित्र’ ज्या परंपरेत जन्मलं तिचं दार अभ्यासकांना उघडलं. उकल बरोबर आहे हे कशावरून? कुणाच्या सहीशिक्क्यावरून नव्हे. एका पानावर बसवलेली अक्षरांची अदलाबदल पुढच्या पानाला, पुढच्या पोथीला, कुठेही हात न लावता लागू पडत गेली आणि पानामागून पान शहाणं, सरळ मराठी निघत गेलं. कठडेवाल्याची किल्ली दहा गजांवर चालते आणि अकराव्याला अडते.

उलट टोकाचा मासला पानिपतचा. १७६१ मध्ये नानासाहेब पेशव्यांकडे पोचलेल्या त्या सावकारी पत्रात दोन मोती गळाल्याचं, सत्तावीस मोहरा हरवल्याचं आणि चांदी-तांब्याची तर गणतीच नसल्याचं कळवलं होतं. इथे किल्ली नाही, तक्ता नाही, मोजणी नाही. तरी अर्थ एका क्षणात लागला, कारण मोती कोण ते वाचणाऱ्याला ठाऊक होतं. भाऊ आणि विश्वासराव. त्रयस्थाच्या हाती पडलं असतं तर बुडीत धंद्याचं पत्र, एवढंच. ही सांकेतिक भाषा फोडता येत नाही, फक्त कळते. चित्रांतल्या कोड्यांच्या नादी लागलेल्यांनी हा प्रकार वेगळा ठेवावा. मोर्सची शिस्त तिथे लावू नये.

आता पुण्यातल्याच एका चित्राकडे येऊ. गणेशखिंडीत, विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र आहे, एनसीआरए. त्याची जीएमआरटी ही दुर्बीण नारायणगावजवळ खोडदला : ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचं ‘शियापारेल्ली’ हे यान मंगळावर उतरणार होतं. त्याचा छोटा रेडिओ मुळात मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांशी बोलण्यासाठी बनवलेला; कोट्यवधी किलोमीटरवरच्या पृथ्वीपर्यंत त्याचा आवाज म्हणजे जवळजवळ शून्य. तो थेट पकडायचं काम जीएमआरटीने अंगावर घेतलं.

असा सिग्नल कानाने ऐकू येत नाही, तो चित्रात शोधतात. एका बाजूला वेळ, दुसऱ्या बाजूला कंप्रता, आणि जिथे ऊर्जा जास्त तिथे ठिपका उजळ. या चित्राला इंग्रजी धबधब्याच्या नावावरून ‘वॉटरफॉल’ म्हणतात. बहुतेक भाग नुसती रेडिओची खरखर : करडं, दाणेदार, आणि बघत राहिलं तर हवे ते आकार दिसू लागतील असं. शोधणाऱ्यांच्या बाजूने एकच गोष्ट होती. यान मंगळाकडे कोणत्या वेगाने पडणार, वातावरणात शिरल्यावर त्याला केव्हा धक्का बसणार, त्यामुळे त्याचा स्वर किती सरकणार, हे गणित आधीच झालेलं होतं. रेघ कुठे असायला हवी आणि ती कशी वळायला हवी, ते चित्र उमटायच्या आधी कागदावर होतं. त्या दिवशी खरखरीतून बारीक रेघ निघाली, ती अपेक्षित वळणाने गेली, आणि उतरण्याच्या ठरलेल्या क्षणाच्या थोडं आधी तुटली. यान आदळलं होतं. मंगळाभोवती फिरणाऱ्या अमेरिकी यानाच्या फोटोत पुढे आदळल्याची जागा सापडली.

त्या रेघेत अक्षरं नव्हती. अवकाशातल्या चित्रात खरोखरची मोर्सची अक्षरं हवी असतील तर तीन वर्षं मागे जायला हवं. ९ ऑक्टोबर २०१३ रोजी गुरूकडे निघालेलं ‘जुनो’ यान वेग घ्यायला पृथ्वीच्या जवळून गेलं. त्याच्यावर रेडिओ आणि प्लाझ्मा लहरी मोजणारं एक उपकरण होतं. ते हॅम लोकांचे संदेश ऐकायला बनवलेलं नव्हतं. नासाने जगभरच्या हॅम मंडळींना सांगितलं, सगळ्यांनी मिळून ‘हाय’ म्हणा. एच म्हणजे चार डॉट, आय म्हणजे दोन. पण साध्या वेगाने नव्हे. एकेक डॉट ३० सेकंदांचा. कळ दाबून अर्धा मिनिट बसून राहायचं. उपकरणाच्या आलेखात पुढे ते ठिपके उमटलेले सापडले.

सहा डॉट सलग वाचायचे म्हटले तर अक्षरांचे २९ प्रकार होतात. आय-एच होईल, एस-एस होईल, सहा वेळा ई होईल. तरी या वेळी भांडण झालं नाही. कोणत्या मिनिटाला कळ दाबायची आणि कोणत्या मिनिटाला सोडायची याचं वेळापत्रक आधी जाहीर झालं होतं, आणि ठिपके त्या वेळापत्रकावर बसत होते. अंतर वाढेपर्यंत ही मंडळी तेच सहा डॉट पुन्हा पुन्हा पाठवत राहिली.